मॅच कुठं लागलीय?

क्रिकेटबद्दल गावात विचारला जाणारा पहिला प्रश्न पूर्वी "किती झाले?" हा असे. आता तो "मॅच कुठं लागलीय?" असा झाला आहे. परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या सिरसाळ्यात, संध्याकाळी हॉटेलात चहा पिणाऱ्या चार जणांना हा प्रश्न विचारून पाहावा. एक म्हणेल, स्टारला. दुसरा म्हणेल, सोनीला आसंल. तिसरा म्हणेल, टीव्हीचं काय घेऊन बसलाव, मोबाइलवर बघा की. चौथा काहीच म्हणणार नाही, कारण त्याच्या घरावर दूरदर्शनची फुकटची छत्री आहे आणि तिच्यात मॅच आहे की जुना पिक्चर, हे त्याला घरी जाऊन टीव्ही लावल्याशिवाय कळायचं नाही. गंमत अशी की चौघंही खरं बोलत असतात. फक्त प्रत्येक जण वेगळ्या मालिकेबद्दल आणि वेगळ्या रिचार्जबद्दल बोलत असतो. तोवर पहिली सहा षटकं होऊन गेलेली असतात. शहरातले जाणकार याला खेड्यातलं अज्ञान म्हणतील आणि गावानं एका पडद्यासमोर गर्दी करून मॅच बघण्याला गरिबी म्हणतील. माझं म्हणणं उलट आहे. सामने दाखवण्याची जी व्यवस्था या देशात तयार झाली आहे, तिच्यात एकट्या घरानं सगळे सामने बघणं जवळपास अशक्य झालं आहे, आणि सिरसाळ्यानं शोधलेली पद्धत, म्हणजे ज्याच्याकडे आज दिसतंय त्याच्याकडे जाऊन बसणं, हे सध्या उपलब्ध असलेलं सर्वांत प्रगत तंत्रज्ञान आहे.

याचा अर्थ जुना काळ चांगला होता असा नाही. १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सच्या मैदानावर कपिलदेवनं झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा काढल्या आणि त्या खेळीचं चित्रीकरणच अस्तित्वात नाही. कोणालाच दिसली नाही, त्यामुळे ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. ज्यांचा जन्म नव्वदनंतरचा, तेसुद्धा त्या दिवशीचं ऊन कसं होतं ते सांगतात. पुढं गावात टीव्ही आले आणि टीव्हीबरोबर पत्र्यावर चढून अँटेना फिरवणारा घरातला धाकटा आला. पडद्यावर मुंग्या असत, गावसकर आहे की वेंगसरकर हे अंदाजानं ठरवावं लागे, पण कुठं लागलीय हे कोणी विचारत नसे, कारण लागायला जागा एकच होती. त्या काळी सामना दाखवावा म्हणून क्रिकेट मंडळच दूरदर्शनला पैसे मोजत असे, हे आजच्या पोरांना सांगितलं तर ते आपल्या तोंडाकडे बघत राहतात. मग १९९३ चा हिरो चषक आला. बंगालच्या क्रिकेट संघटनेनं हक्क परदेशी कंपनीला विकले, सरकारी खात्यांचा रुसवा झाला, कंपनीची यंत्रं कस्टममध्ये अडकली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यांच्यावर ना सरकारची मक्तेदारी चालेल ना खासगी, असं न्यायालयानं सांगितलं. लहरी आपल्या झाल्या. त्या लहरींवर बसून जे येणार होतं ते कोणाचं, हा विषय त्या दिवशी राहून गेला.

तो पुढं लिलावात निघाला, आणि त्याचा खुलासा सातबाऱ्यावाचून होत नाही. वडिलांच्या नावावर असलेलं एकच रान भावांच्या वाटणीनंतर कसं दिसतं, हे बीड जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. माती तीच, पीक तेच, पण उताऱ्यावर पोटहिस्से पडतात, विहिरीत वाटा निघतो, पाण्याच्या पाळ्या लागतात आणि बांधावरून तलाठ्याकडे खेटे सुरू होतात. जून २०२२ मध्ये आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांची वाटणी झाली. भारतातल्या टीव्हीचा हिस्सा स्टारला २३,५७५ कोटींना गेला. भारतातल्या मोबाइलचा हिस्सा वायकॉमला २०,५०० कोटींना गेला. निवडक सामन्यांचा मोबाइलचा पोटहिस्सा वेगळा निघाला, परदेशाचा तर आणखीच वेगळा. बेरीज ४८,३९० कोटी. ४१० सामने धरले तर एका सामन्याला साधारण ११८ कोटी, आणि दोन्ही डावांचे २४० चेंडू धरले तर एका चेंडूला एकोणपन्नास लाख. वाइड आणि नो-बॉल या हिशेबात नाहीत. ते प्रेक्षकाला वरकड मिळतात. आता एवढे पैसे कोणी कशासाठी मोजतो? सामना दाखवता यावा म्हणून म्हणावं, तर दाखवायला कॅमेरे पुरतात. पैसे मोजले जातात ते दुसऱ्या कोणी दाखवू नये म्हणून. बांधाची किंमत रानापेक्षा जास्त झाली की रान कोणालाही नीट बघता येत नाही, आणि सिरसाळ्यातला माणूस जे "कुठं लागलीय" विचारतो, तो खरं तर बांध कुठं सरकलाय हे विचारत असतो.

बरं, ही झाली एकट्या आयपीएलची वाटणी. भारताचा संघ ज्या देशात जाईल, त्या देशाच्या मंडळानं हक्क कोणाला विकलेत त्यावर त्याचा पत्ता ठरतो. घरच्या मैदानावर खेळला तर एकाकडे, आशिया चषकात खेळला तर दुसऱ्याकडे. नोव्हेंबर २०२२ मध्ये संघ न्यूझीलंडला गेला तेव्हा हक्क अ‍ॅमेझॉनकडे होते, म्हणजे खेळाच्या वाहिन्यांचा भारीतला पॅक घेतलेला माणूस रिमोट दाबून दाबून दमला. दूरदर्शननं मात्र तेच सामने आपल्या फ्री डिशवर दाखवले. यामागं कायद्याची एक मजेदार परंपरा आहे. २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र प्रसार भारतीला देणं खासगी वाहिन्यांवर बंधनकारक केलं. मग दूरदर्शनची तीच वाहिनी केबलवर आणि खासगी डिशवरही दिसते, तिथं लोक फुकट बघतात, अशी तक्रार झाली, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दिसेल. परिणाम असा की महिन्याला पैसे भरणाऱ्या पण खेळाचा पॅक न घेतलेल्या घरात दूरदर्शन लावलं तर दुसराच कार्यक्रम चालू असतो, आणि शेजारी एक पैसा न भरणाऱ्याच्या छत्रीत त्याच दूरदर्शनवर रोहित शर्मा खेळत असतो. गावातला फुकट्या इतका कायदेशीर भक्कम कधीच नव्हता. आयपीएल मात्र त्या यादीत नाही, त्यामुळे उन्हाळ्याचे दोन महिने तो पुन्हा गरजू होतो आणि भरणाऱ्याकडे चहाच्या वेळी हजर राहतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो अर्थशास्त्र शिकलेल्यांचा. वाटण्या झाल्या म्हणजे स्पर्धा वाढली, स्पर्धा वाढली म्हणजे गिऱ्हाइकाला निवड मिळाली, आणि निवडीला तुम्ही गोंधळ म्हणता. म्हणणं ऐकायला चांगलं आहे. २०१९ पासून दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानं हवी ती वाहिनी सुटी घेता येते. २०१९ मध्ये शंभर वाहिन्यांपर्यंतचे १३० रुपये अधिक कर असे ठरले होते, आणि वर ज्या बघाल त्यांचेच पैसे. पण ज्या बघाल त्यांचेच पैसे भरायचे तर काय बघायचं आहे ते महिन्याच्या सुरुवातीला माहीत हवं, आणि मॅच कुठं लागणार हेच तर माहीत नसतं. निवड करायला जी माहिती लागते, तीच विकणाऱ्यांनी पाच ठिकाणी विभागून ठेवली आहे. तरी आक्षेपात तथ्य आहे हे कबूल करायला हवं. २०२३ मध्ये वायकॉमच्या जिओसिनेमानं आख्खी आयपीएल मोबाइलवर फुकट दाखवली, तीही बारा भाषांत आणि त्यांत मराठीही. त्या मराठी समालोचनाच्या खुर्चीत केदार जाधव बसला होता. हंगाम निम्म्यावर आला असताना बंगळूरच्या संघानं त्याला बदली खेळाडू म्हणून बोलावलं आणि तो समालोचन सोडून संघात गेला. प्रेक्षकाला इतकी निवड कुठल्याच देशात नसेल. पण फुकट म्हणजे मॅच फुकट; डेटा ज्याचा त्यानं आणायचा. रोजच्या दीड जीबीत साडेतीन तासांचा सामना चांगल्या चित्रात मावत नाही, तो दुसऱ्या डावाच्या ऐन मध्यावर गोल गोल फिरायला लागतो. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली या भागातली मंडळी कोपीवर दिवस काढून साधारण आयपीएलच्या तोंडावर परततात. कोपीवर कसोटी बघायची तीही मोबाइलच्या बोटभर पडद्यावर, उसाच्या फडातून रेंज शोधत. त्यांना गावाकडची खरी ओढ कशाची असते ते मी सांगू शकत नाही, पण आल्यावर ती मोठ्या टीव्हीसमोर बसतात एवढं दिसतं.

मोबाइलवाल्यांचा दुसरा दावा असा की मोबाइलवर बघणं म्हणजे थेट बघणं. इथं विज्ञानच त्यांच्या विरोधात जातं. डिशचं चित्र साधारण छत्तीस हजार किलोमीटर वर उपग्रहाकडे जातं आणि परत खाली येतं, या सगळ्या ये-जा प्रवासाला पाव सेकंद लागतो. मधल्या यंत्रांची कामं धरून काही सेकंद. मोबाइलचं चित्र गावाजवळच्या टॉवरवरून येतं, तरी ते अर्धा मिनिट मागं असू शकतं, कारण वाटेत त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, प्रत्येक तुकडा कमी-जास्त प्रतीचा करून साठवला जातो, आणि चित्र अडकू नये म्हणून फोन चार-दोन तुकडे हातात आल्याशिवाय दाखवायला सुरुवातच करत नाही. त्यामुळे एकाच गल्लीत सामन्याच्या दोन वेळा चालू असतात. डिशवाल्या घरातून आरडाओरडा होतो आणि ओट्यावर मोबाइल घेऊन बसलेल्याला कळतं की आपल्याकडे नुकताच धावायला लागलेला गोलंदाज आता मार खाणार आहे. याचा फायदा घेणारे हुशार लोक असतात. ते आतून मॅच बघून बाहेर येतात आणि मोबाइलवाल्याशी चहाची पैज लावतात. उशिराचा हा प्रकार नवा नाही. जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ आला तेव्हा हक्क घेतलेली खासगी कंपनी आणि दूरदर्शन यांचं भांडण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि दूरदर्शनला सामना सात मिनिटं उशिरानं दाखवायची मुभा मिळाली. सात मिनिटांत दीड षटक होतं. न्यायालयानं दिलेला उशीर आणि अ‍ॅपनं दिलेला उशीर यांतला फरक एवढाच, की पहिल्याविरुद्ध अपील करता येत होतं. त्या भांडणातूनच वर सांगितलेला २००७ चा कायदा आला.

मग कोणी म्हणतो, हे आपल्याकडचंच रडगाणं. अमेरिकेत बघा, तिकडे सगळं शिस्तीत. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींचं क्रिकेट खरंच सोपं आहे. विलो नावाची वाहिनी लावायची, सिरसाळ्याचे संध्याकाळचे साडेसात म्हणजे त्यांचे सकाळचे दहा, ऑफिसात खिडकी बारीक करून बघायचं. पण त्यांच्या शेजारी राहणाऱ्या, बेसबॉलचं वेड असलेल्या अमेरिकनाला विचारा. आयोवा हे मक्याचं पीक घेणारं शेतकरी राज्य. तिथं बेसबॉलचा एकही मोठा व्यावसायिक संघ नाही. तरी शिकागोचे दोन, सेंट लुईसचा, कॅन्सस सिटीचा, मिनेसोटाचा आणि मिलवॉकीचा असे सहा संघ आयोवाला आपला स्थानिक इलाखा समजत आले. स्थानिक संघाचे सामने स्थानिक वाहिनीनंच दाखवावेत हा नियम, म्हणून लीगच्या अ‍ॅपचे पैसे भरलेल्या आयोवाच्या शेतकऱ्याला याच सहा संघांचे सामने वर्षानुवर्षं थेट दिसत नव्हते. लांबच्या सिअ‍ॅटलचे दिसत. आपल्याकडे निदान परळी, माजलगाव आणि अंबाजोगाई मिळून सिरसाळ्याला मुंबईचा सामना बंद करत नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कचा अ‍ॅरन जज साठ होमरनवर होता, एकसष्टावा मारला की १९६१ च्या जुन्या विक्रमाशी बरोबरी. नेमका शुक्रवार २३ तारखेचा सामना अ‍ॅपलच्या अ‍ॅपवर गेला आणि आपल्या नेहमीच्या वाहिनीवर सामने बघणाऱ्या न्यूयॉर्ककरांचा संताप झाला. जजनं त्या दिवशी होमरन मारलाच नाही. तो पाच दिवसांनी टोरंटोत मारला. पुढच्या मार्चमध्ये अनेक संघांचे सामने दाखवणारी स्थानिक वाहिन्यांची मोठी कंपनीच दिवाळखोरीत निघाली. एवढ्या श्रीमंत देशात हीच गत असेल तर दोष आपल्या मागासलेपणाचा नाही, एवढं मान्य व्हावं.

आता गावाच्या पद्धतीकडे. सिरसाळ्यासारख्या गावात कोणत्याच एका घरात सगळं नसतं, पण गावात मिळून सगळं असतं. कोणाकडे फ्री डिश, कोणाकडे खेळाच्या पॅकसह खासगी डिश, कोणाच्या पोराच्या रिचार्जवर एक अ‍ॅप, पुण्याला नोकरीला असलेल्या कोणाच्या मेव्हण्याचा पासवर्ड दुसऱ्या अ‍ॅपचा. कंपन्यांनी जे तोडलं ते गाव रोज संध्याकाळी पुन्हा जोडतं, आणि त्यासाठी फक्त पायांत चपला घालाव्या लागतात. यातल्या हॉटेलवाल्याला महत्त्व आहे, कारण घरातला टीव्ही साडेसातला मोकळा नसतो. संध्याकाळी साडेसात ते साडेनऊचे घरातल्या टीव्हीचे हक्क मराठी मालिकांकडे आहेत आणि ते कुठल्याच लिलावात निघत नाहीत. अट्ठेचाळीस हजार कोटी मोजणाऱ्यांनाही ते मिळालेले नाहीत. वीज गेली तर ज्याच्याकडे इन्व्हर्टर, तो त्या रात्रीपुरता प्रसारक. शेजारी परळीला औष्णिक वीज केंद्र असताना वीज का जावी, हा प्रश्न पाहुणे विचारतात. गावातले विचारत नाहीत, कारण ते केंद्रच एकदा पाण्याअभावी बंद राहिलेलं त्यांनी पाहिलं आहे. या पद्धतीवर कायद्याचा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. घरगुती जोडणी हॉटेलात लावायची नसते, पासवर्ड मेव्हण्यानं वाटायचा नसतो, आणि न्यायमूर्ती सावंतांनी लहरी जनतेच्या ठरवल्या असल्या तरी लहरींवरचं चित्र पैसे मोजणाऱ्याचंच राहतं. वाद घालायला मी उभा राहिलो तर हरेन. पण कंपनीनं एवढं तरी पाहावं की हॉटेलातल्या चाळीस जणांपैकी एकानेही जाहिरात चुकवलेली नसते. मोबाइलवाला जाहिरात लागली की खाली बोट फिरवून दुसरीकडे जातो. हॉटेलात रिमोट मालकाकडे असतो, आणि मालक भजी तळत असतो.

एक शेवटचा आक्षेप वयस्कर आणि समंजस लोकांचा असतो: एवढी धावपळ कशाला, सकाळी पाच मिनिटांचे हायलाइट्स बघावेत. याचं उत्तर बीडनंच दिलेलं आहे. ६ फेब्रुवारी २०२४ ला दक्षिण आफ्रिकेत बेनोनीला एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी होती. २४५ चा पाठलाग करताना भारताचे चार गडी ३२ धावांत गेले, आणि तिथून बीडच्या सचिन धसनं कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागीदारी करत ९६ काढल्या. हायलाइट्समध्ये त्या ९६ मधले चौकार दिसतात. ३२ वर चार असताना, जिल्ह्यातल्या, घरी स्टार आणि हॉटस्टार नसलेल्या माणसांनी कोणाकोणाला फोन करून "तुमच्यात दिसतंय का" विचारलं असेल, ते दिसत नाही. आणि बघण्यातला अर्धा जीव तिथंच असतो.

राहता राहिला सर्वांत अलीकडचा युक्तिवाद, की आता हे सगळं मिटलं. सातबाऱ्यावरचे दोन मोठे हिस्सेदार, स्टार आणि वायकॉम, नोव्हेंबर २०२४ मध्ये एक झाले, १४ फेब्रुवारी २०२५ ला दोन अ‍ॅपचं मिळून जिओहॉटस्टार झालं, आयपीएलची टीव्ही आणि मोबाइलची वाटणी पुन्हा एका खात्यावर आली. खातं एक झालं तसं फुकटही संपलं. थोडा वेळ दाखवून मग पैसे मागायचे, असं ठरलं. पण दयाळूपणाही दाखवला गेला. त्याच मार्चमध्ये जिओनं २९९ रुपयांच्या किंवा त्यावरच्या रिचार्जवर जिओहॉटस्टार नव्वद दिवस मोफत दिलं, आयपीएल सुरू होत होती त्या २२ मार्चपासून. लोकांनी हिशेब केला: आयपीएल दोन-सव्वादोन महिन्यांची, पुढं इंग्लंडचा दौरा, म्हणजे नव्वद दिवसांत दोन्ही होतंय. मे महिन्यात सामने थांबले, अंतिम सामना ३ जूनला गेला, तरी नव्वदात बसला. २२ मार्चपासून मोजलं तर नव्वदावा दिवस १९ जूनला येतो. इंग्लंडविरुद्धची पहिली कसोटी हेडिंग्लेला २० जूनला सुरू झाली. मोबाइलवर ती जिओहॉटस्टारलाच होती. टीव्हीवर सोनीला.